‘फायनल_फायनल_२’ आणि बाकीची दुखणी: वाचकांचे प्रश्न

या वेळी पत्रांचा विषय आपोआपच एक निघाला, संशोधनाचा डेटा सांभाळायचा कसा. कळवा, ऐरोली, ठाणे, खारघर इकडूनच बहुतेक पत्रं आलीत. पीएचडीवाले जास्त आहेत, पण सीवूड्सच्या एका निवृत्त काकांचं पत्र मला सगळ्यात आवडलं म्हणून त्यांना जागा जास्त दिलीये, बाकीच्यांनी रागावू नका.

ताई, माझा सर्व्हे ठाण्यातल्या घरकामगार बायकांच्या तब्येतीवर आहे. फॉर्म कागदावर भरले, मग एक्सेलमध्ये टाकले. आता लॅपटॉपवर ‘सर्व्हे फायनल’, ‘सर्व्हे फायनल नवीन’, ‘फायनल_फायनल_२’, ‘मॅडमनी बघितलेली’ अशा फायली आहेत आणि खरी कोणती ते मलाच कळत नाहीये. गाईड म्हणतात मूळ डेटा दाखव. मूळ म्हणजे नक्की कोणता? (पीएचडी विद्यार्थिनी, कळवा)

मूळ म्हणजे कागद, बाई. ते भरलेले फॉर्म, आणि त्यावरून पहिल्यांदा जसंच्या तसं टाईप केलेली फाईल, चुकांसकट. त्यानंतरचं सगळं तुझं काम आहे, मूळ नाही. त्यामुळे आधी फॉर्मचे गठ्ठे शोध, प्रत्येक फॉर्मवर नंबर नसेल तर आज घाल, आणि तोच नंबर एक्सेलमध्ये पहिल्या कॉलममध्ये येऊ दे. मग त्या चार-पाच फायली शेवटच्या बदलाच्या तारखेप्रमाणे लाव, प्रत्येकीत ओळी किती ते बघ, आणि गठ्ठ्यातून कुठलेही वीसेक फॉर्म काढून एकेका फाईलशी ताडून बघ. कंटाळवाणं आहे पण एका दुपारीत खरी कोणती ते कळतं.

सापडली की तिची एक कॉपी ‘कच्चा’ नावाच्या फोल्डरमध्ये टाक, प्रॉपर्टीजमध्ये जाऊन रीड-ओन्ली कर आणि परत तिला हात लावू नको. दुरुस्त्या दुसऱ्या फाईलमध्ये, आणि प्रत्येक दुरुस्तीची नोंद बाजूच्या साध्या टेक्स्ट फाईलमध्ये: ‘फॉर्म ४१, वय ३५० टाईप झालं होतं, कागदावर ३५, बदललं’, पुढे तारीख. व्हायवामध्ये कोणी विचारलं की हा आकडा कुठून आला, तर हीच टेक्स्ट फाईल कामाला येते.

नावांचं म्हणशील तर ‘फायनल’ हा शब्द फाईलच्या नावातून कायमचा काढून टाक. वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख पुढे लाव, म्हणजे फायली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात, दिवस आधी लिहिलास तर १ जानेवारी आणि १ डिसेंबर शेजारी बसतात. २०२५-०३-१५_सर्व्हे_साफ_०३, असं. वाचायला सोपं म्हणून इथे देवनागरीत लिहिलंय, प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरं वापर आणि स्पेस सोडू नको, काही सॉफ्टवेअर त्यावर अडतात.

आता महत्त्वाचं, ज्याबद्दल तू विचारलंच नाहीयेस. प्रत्येक कॉलमचा अर्थ कुठे लिहिलायस का? याला कोडबुक म्हणतात किंवा डेटा डिक्शनरी, आणि मी जे काही प्रबंध बघते त्यात हमखास हेच नसतं. ‘क्यू१२’ म्हणजे कुठला प्रश्न, १ म्हणजे हो की नाही, पगार महिन्याचा की एका घरचा, हे आज तुला पाठ आहे, तीन वर्षांनी पेपर लिहायला बसशील तेव्हा नसेल. आणि उत्तर मिळालं नाही तर काय टाकलंस ते बघ. बरेच जण ९९ टाकतात, मग वयाची सरासरी काढताना त्या ९९ वर्षांच्या आज्या पण मोजल्या जातात आणि सरासरी भलतीच वर जाते, कुणाला कळत पण नाही. शून्य, रिकामं, ‘सांगितलं नाही’ आणि ‘लागू नाही’ या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. ज्या बाईने दारूच्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही आणि जिच्या घरी कोणी पीतच नाही, त्या दोघींना एकाच रिकाम्या चौकोनात बसवलंस तर सर्व्हे कशाला केलास?

एक्सेलवर डोळे मिटून विश्वास नको. वयोगट ५-९ असं टाईप केलं की ते त्याची तारीख करून टाकतं, पाच सप्टेंबर किंवा नऊ मे, कॉम्प्युटरच्या सेटिंगप्रमाणे. कोडच्या पुढचं शून्य खातं, पंधराच्या पुढचे आकडे शून्य करतं. हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. जनुकांच्या नावांमध्ये ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ अशी नावं होती, एक्सेल त्यांच्या तारखा करायचं, २०१६ च्या एका तपासणीत एक्सेलमध्ये जनुकांची यादी जोडलेल्या पेपरांपैकी जवळजवळ एक पंचमांश पेपरांत ही गडबड सापडली, आणि शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. शास्त्रज्ञांनी हार मानली, एक्सेलने नाही! (नंतर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही सवय बंद करायचा पर्याय दिला.) तर टाईप करण्याआधी अख्खा कॉलम सिलेक्ट करून ‘टेक्स्ट’ कर, आणि शेवटची कॉपी सीएसव्हीमध्ये (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी टेक्स्ट फाईल) पण ठेव. मराठी मजकूर असेल तर सेव्ह करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवड, साधं सीएसव्ही निवडलंस तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

माझा सगळा डेटा गूगल ड्राइव्हवर सिंक होतो. म्हणजे बॅकअप आहेच ना? मित्र म्हणतो नाही. पैज लागलीये. (एम.फार्म, ऐरोली)

मित्र जिंकला. सिंक म्हणजे आरसा, इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं. ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाईल ३० दिवस राहते, मग जाते. तू प्रॅक्टिकलच्या गडबडीत चुकून फोल्डर उडवलंस आणि दीड महिन्याने लक्षात आलं तर काय करशील? शिवाय ते अकाउंट कॉलेजचं आहे का तुझं स्वतःचं? कॉलेजचं असेल तर पास झाल्यावर कधी बंद होईल ते ऑफिसात आजच विचार, आणि स्वतःचं असलं तरी दोन वर्षं उघडलंच नाही तर गूगल ते डिलीट करू शकतं.

बॅकअपचा जुना साधा नियम आहे, ३-२-१. तीन कॉप्या, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. हा नियम असाच मांडून लोकप्रिय केला पीटर क्रोग नावाच्या फोटोग्राफरने, कॉम्प्युटरवाल्याने नाही. तुझ्या बाबतीत म्हणजे लॅपटॉप, एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणि ड्राइव्ह. हार्ड डिस्क कायम लावून ठेवू नको, रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, आला तर लावलेली डिस्क पण कुलूपबंद होते. आणि दुसरी जागा म्हणजे खरंच दुसरी जागा, त्याच लॅबमधलं शेजारचं कपाट नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, तळमजल्यावरच्या कपाटांचं काय झालं ते आईबाबांना विचार.

आणि बॅकअप आहे म्हणजे चालतो असंही नाही. क्योटो विद्यापीठात डिसेंबर २०२१ मध्ये सुपरकॉम्प्युटरच्या स्टोरेजमधून सुमारे ७७ टेराबाईट डेटा गेला, ३.४ कोटीच्या आसपास फायली. कारण ऐकशील तर हसशील. जुन्या लॉग फायली पुसणारी, बॅकअपच्याच कामातली स्क्रिप्ट चालू असताना मध्येच बदलली गेली, आणि ती लॉगऐवजी भलतंच पुसत सुटली. काही गटांचं कामच परत मिळालं नाही. म्हणून वर्षातून दोनदा तरी बॅकअपमधली एखादी फाईल उघडून बघायची, नुसतं नाव दिसतंय यावर समाधान मानायचं नाही. मोठ्या फायली असतील तर हॅश, म्हणजे फाईलच्या मजकुरावरून निघणारा ठशासारखा आकडा, काढून ठेव, त्याच्या एका पद्धतीला एसएचए-२५६ म्हणतात, विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाची कमांड आधीपासूनच असते. फाईलमध्ये एक अक्षर जरी बदललं तरी तो आकडा पूर्ण बदलतो, मग कॉपी शाबूत आहे का ते न उघडता कळतं.

(ऐरोली-महापेच्या पट्ट्यात तुझ्या घरापासून जवळच मोठमोठी डेटा सेंटरं उभी आहेत. ‘क्लाऊड’ म्हणजे शेवटी तसल्याच एखाद्या इमारतीतली डिस्क, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.)

पेन ड्राइव्हवर ठेवलं तर दहा वर्षं टिकेल का? (डोंबिवली)

त्यावर भिस्त ठेवू नका. फाईल इकडून तिकडे न्यायला चांगला आहे तो.

मी आगरी लग्नांतले धवले, म्हणजे विधींची गाणी, जमवतेय. ती गाणाऱ्या धवलारणींच्या आवाजातली रेकॉर्डिंग मोबाईलवर आहेत, काही व्हॉट्सअॅपवर आलेली. शिवाय माझ्या सरांनी जुन्या काळी टाईप केलेला मोठा संग्रह आहे, पण तो उघडला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. काय करू? (एम.ए. मराठी, ठाणे)

सरांची फाईल बिघडलेली नाहीये. ती श्री-लिपी, शिवाजी, कृतिदेव असल्या युनिकोडच्या (सगळ्या कॉम्प्युटरांवर चालणाऱ्या अक्षरांच्या आजच्या पद्धतीच्या) आधीच्या कुठल्यातरी फॉन्टमध्ये आहे. त्या फॉन्टमध्ये आतली अक्षरं खरं तर इंग्रजीच असतात, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचा चेहरा देतो, फॉन्ट नसला की चेहरा उतरतो. महाराष्ट्रातला किती मजकूर आज असा पडून आहे, गॅझेटं, स्मरणिका, प्रबंध, विचारू नका. कुठला फॉन्ट होता ते सरांना विचार, युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर मिळतात, पण बदलून झाल्यावर मान मोडेपर्यंत तपासायचं: रफार, ‘दुसऱ्या’तला ऱ्या, जोडाक्षरं, पहिली वेलांटी, इथेच घोळ होतात. आणि आगरी बोलीत तर स्पेलचेकचा काही उपयोग नाही, तोच तुझे शब्द ‘दुरुस्त’ करून ठेवेल, बंद कर त्याला. जुनी फाईल पण फेकू नको, आणि त्या फॉन्टमध्ये छापलेला एखादा कागद सरांकडे असेल तर स्कॅन करून पीडीएफ-ए (दीर्घकाळ जपायचा पीडीएफचा प्रकार) मध्ये ठेव, ताडायला तोच खरा साक्षीदार.

आवाजाचं सांगते. व्हॉट्सअॅपवर आलेलं रेकॉर्डिंग आधीच दाबून लहान केलेलं असतं, त्यातलं गेलेलं परत येत नाही, त्यामुळे ज्यांनी पाठवलं त्यांच्या मोबाईलमध्ये मूळ फाईल आहे का ते लगेच बघ, फोन बदलला की ती पण गेली. पुढची रेकॉर्डिंग डब्ल्यूएव्हीमध्ये (न दाबलेल्या आवाजाची फाईल) कर, ४८ किलोहर्ट्झ २४ बिट, ध्वनिसंग्रहवाले हेच सांगतात. स्टिरिओ असेल तर तासाला साधारण एक जीबी लागतो, मोनोला अर्धा, फार नाही. ऐकायला, पाठवायला एमपीथ्री कर, पण जपायला डब्ल्यूएव्ही.

आणि प्रत्येक रेकॉर्डिंगबरोबर कोण गातंय, गाव कोणतं, लग्नातला कुठला विधी, खरंच लग्नात गायलं की तुझ्यासाठी ओटीवर बसून गायलं, कोणाकडून शिकल्या, हे त्याच दिवशी लिही. यालाच मेटाडेटा म्हणतात. मोठा शब्द आहे पण काम एवढंच, आणि नंतर लिहू म्हटलेलं राहतंच. पाठ करणाऱ्या म्हाताऱ्या बायका कमी होतायत, त्यांना परत विचारायला जाता येईलच असं नाही.

संमतीबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. मेथडॉलॉजीच्या वर्गात शिकवतात की नावं काढून टाका. घरकामगारांच्या सर्व्हेत बरोबर आहे, पण धवलारणीचं नाव काढून ‘स्त्री, ६८’ असं लिहिणं म्हणजे तिची कला तिच्याकडून काढून घेणं. तिलाच विचार, नाव हवं का, आवाज इंटरनेटवर गेला तर चालेल का, कुठला धवला बाहेरच्यांनी ऐकायचा नाही का. मराठीत, तिला समजेल असं. सही येत नसेल तर संमती पण रेकॉर्ड कर.

मी बँकेतून निवृत्त झालो. गेली अनेक वर्षं डीपीएस तलावावर आणि खाडीकडे रोज सकाळी जातो, फ्लेमिंगो किती दिसले ते डायरीत लिहितो. मुलगा म्हणतो हा काय डेटा आहे का, रद्दी आहे. खरं काय? (सीवूड्स)

काका, मुलाला हे उत्तर मोठ्याने वाचून दाखवा.

१ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन या खगोलशास्त्रज्ञाला सूर्यावर प्रचंड झळाळी दिसली आणि त्यानंतर पृथ्वीवर आजवरच्या सगळ्यात मोठ्या चुंबकीय वादळांपैकी एक आलं. त्या वेळी आपल्या कुलाब्याच्या वेधशाळेत माणसं उपकरणाकडे डोळे लावून हाताने आकडे लिहीत होती. ते आकडे वह्यांमध्ये राहिले. २००३ मध्ये, म्हणजे १४४ वर्षांनी, शास्त्रज्ञांनी त्या कुलाब्याच्या नोंदी काढून ते वादळ किती मोठं होतं याचा हिशोब मांडला, कुलाब्याला चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने (चुंबकीय क्षेत्राचं एकक) खाली गेलं होतं. त्या पेपरच्या लेखकांमध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे लोक होते, आणि ही संस्था आज कुठे आहे माहितीये? नवीन पनवेलला, तुमच्याकडून लोकलने जाण्यासारखी. १८५९ च्या त्या कारकुनाला कोणी रद्दी लिहितोयस म्हटलं असेल का कुणास ठाऊक.

त्या नोंदी वापरता आल्या त्याला कारण आहे. कुठलं उपकरण, किती वाजता, कुठलं एकक, हे लिहिलेलं होतं. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय नोंदी १९०४ मध्ये अलिबागला हलवल्या, तेव्हाही काही काळ दोन्हीकडे एकदम नोंदी घेतल्या, म्हणजे जुने आणि नवे आकडे एकमेकांना जोडता यावेत. हे मला फार शहाणपणाचं वाटतं. तुम्ही दुर्बीण बदलली असेल, बसायची जागा बदलली असेल, चष्म्याचा नंबर वाढला असेल, तर ते कोणत्या वर्षी ते लिहून ठेवा, हसू नका, पक्षी वाढले का दुर्बीण सुधारली हे नंतरच्या माणसाला कळायला नको का?

तुमच्या डायरीत आकड्याशेजारी वेळ आहे का? असेल तर निम्मं काम झालं, कारण फ्लेमिंगो भरती-ओहोटीप्रमाणे हलतात, ओहोटीला खाडीच्या चिखलावर खायला आणि भरतीला तलावात. वेळ आणि तारीख असली की त्या दिवशीची भरती कधी होती हे मागाहून काढता येतं, वेळ नसेल तर ‘८०० दिसले’ या आकड्याचा अर्थ लावणं अवघड. मोजून लिहिलंत की अंदाजाने, तेही लिहा. मोठा रोहित आणि छोटा रोहित (फ्लेमिंगोच्या दोन जाती) वेगळे लिहिता का? आणि ज्या दिवशी गेलात पण एकही दिसला नाही, त्या दिवशी शून्य लिहिलंय का पान कोरंच सोडलंय? कोऱ्या पानावरून तुम्ही गेला नव्हतात की पक्षी नव्हते, ते कळत नाही. जुन्या पानांवर आता आठवून काही घालू नका, आजपासून पुढे लिहा.

डायऱ्यांचं आधी मोबाईलने पानपान फोटो काढा, टायपिंग नंतर. फोटो काढताना पानावरची खाडाखोड, समासातलं सगळं आलं पाहिजे. पावसाळ्यात आपल्याकडे कागदाला बुरशी धरते, तेव्हा मेच्या आत उरका. टाईप करायला मुलालाच बसवा, तोच म्हणाला ना रद्दी! आणि एका डायरीचं टायपिंग तुम्ही पण वेगळं करा, मग दोघांच्या फायली ताडा, जिथे फरक तिथे मूळ पान. मग ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींची जगभरची वेबसाइट) जुन्या तारखांच्या नोंदी टाकता येतात, सगळ्या टाका. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ चं, रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) खाडी आली २०२२ मध्ये. तुमच्या डायऱ्या त्याच्या आधीपासूनच्या असतील तर त्यांचं मोल मी सांगायला नको.

परदेशी जर्नलने पेपर घ्यायच्या आधी ‘डेटा सार्वजनिक करा, फेअर असू दे’ असं कळवलंय. पेशंटच्या मुलाखती आहेत. शिवाय कोणी डेटा ढापला तर? (खारघर)

फेअर म्हणजे २०१६ मध्ये मांडलेली चार तत्त्वं, डेटा सापडला पाहिजे, मिळवायची वाट माहीत पाहिजे, दुसऱ्यांच्या डेटाशी जोडता आला पाहिजे, परत वापरता आला पाहिजे. यात ‘सगळ्यांना फुकट वाटा’ असं कुठेही नाही, लोक तिथेच घाबरतात. मुलाखती कुलपात ठेवून त्यांचं वर्णन, प्रश्नावली आणि ‘मागायचं असेल तर या समितीकडे अर्ज करा’ एवढं उघडं ठेवलं तरी ते फेअरमध्ये बसतं. बहुतेक जर्नलं हे मान्य करतात, संपादकाला सरळ लिहा.

पेशंटचं नाव काढलं म्हणजे ओळख गेली असं समजू नका. अमेरिकेत लतान्या स्वीनी यांनी दाखवलं की पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तिघांवरून तिथली ८७ टक्के माणसं एकेकटी ओळखता येतील. आपल्याकडे ‘कोपरी, ५२ वर्षं, महिला रिक्षाचालक’ एवढं लिहिलंत तरी अख्ख्या स्टँडला कळेल कोण ते. जन्मतारखेऐवजी वयोगट, वस्तीऐवजी शहर, दुर्मिळ आजार असेल तर अजून सैल. नावं आणि नंबर यांची जोडयादी वेगळ्या, पासवर्ड घातलेल्या फाईलमध्ये, आणि आधार नंबर तर गोळाच करू नका, लागतो कशाला? वैयक्तिक डेटाचा २०२३ चा कायदा आहे, त्यात संशोधनाला सवलत आहे पण अटींवर, आणि संमतीपत्रात तुम्ही पेशंटना काय सांगितलंय ते पहिलं बघा. ‘फक्त या अभ्यासासाठी’ असं लिहून सही घेतली असेल तर आता जर्नलने कितीही म्हटलं तरी देता येत नाही, आधी एथिक्स कमिटीकडे जा.

ढापण्याची भीती मला उलटी वाटते. तुमचा डेटा फक्त तुमच्या पेन ड्राइव्हवर असेल तर तो तुमचा आहे याला पुरावा काय? झेनोडो नावाच्या संशोधन-डेटाच्या साइटवर टाकलात, ती सर्नवाले (युरोपातली अणुसंशोधन संस्था) चालवतात, २०१३ पासून आहे, फुकट आहे, एका नोंदीत ५० जीबी मावतात, की तारखेसकट डीओआय (नोंदीचा कायमचा क्रमांक) मिळतो आणि तुमचं नाव कायम चिकटतं. लायसन सीसी-बाय घ्या, वापरणाऱ्याला तुमचं नाव द्यावंच लागतं. अजून दोन पेपर त्यातून काढायचे असतील तर एम्बार्गो लावा, तारीख तुम्ही ठरवायची, तोपर्यंत नोंद दिसते पण फाईल उघडत नाही. जर्नलला डीओआय आधीच लागतो, तो अपलोड करतानाच राखून ठेवता येतो, ते बटण बघा आणि मगच पब्लिश दाबा, कारण पब्लिश केल्यावर फायली सहज बदलता येत नाहीत, नवीन व्हर्जन काढावं लागतं.